प्रमाणपत्र मिळालं, पण शिकणं राहिलं



गेल्या महिन्यात माझी भाची दोन दिवस राहायला आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी माझ्याजवळ बसून गवार मोडत होती आणि शेजारी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ चालू होता, तोही आवाज बंद करून. मी म्हटलं, "अगं, बघत नाहीस तर लावलास कशाला?" ती हसली. "मावशी, प्रशिक्षण आहे. शेवटपर्यंत चालला तरच प्रमाणपत्र मिळतं. प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आलीच आहेत."

आधी मलाही हसू आलं, मग वाईट वाटलं. मुलगी कामचुकार नाही. वर्गातल्या मुलांसाठी पदरचे पैसे घालून साहित्य आणणारी आहे. मग असं का व्हावं?

मी कॉमर्सची. मला हिशेबाच्याच भाषेत सुचतं. वहीत माल आल्याची नोंद आहे, पण गोदाम रिकामं. प्रशिक्षणाचं तसं झालंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलं आहे. २०१७ साली 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठ आलं, २०१९ मध्ये 'निष्ठा' हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोरोनात तोही मोबाइलवर आला. सोय मोठी झाली. खेड्यातल्या बाईंना प्रवास न करता चांगले तज्ज्ञ ऐकायला मिळतात. पण तास मोजता येतात, शिकणं मोजता येत नाही. म्हणून आपण तासच मोजत बसलो.

रात्री भाचीला विचारलं, "मग तू खरं शिकलीस कधी?" तिने लगेच सांगितलं, "हातच्याच्या वजाबाकीच्या वेळी."

तिच्या वर्गातली निम्मी मुलं ५२ मधून ३८ वजा करून २६ लिहायची. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. वरचा आकडा लहान असला की सरळ उलटी वजाबाकी! तिने चार वेळा समजावलं, फरक पडेना. शेवटी मोबाइल वर्गात मागे ठेवून स्वतःच्या तासाची दहा मिनिटं चित्रित केली आणि शेजारच्या गावांतल्या दोन शिक्षिकांना दाखवली. एकीने बघताबघता म्हटलं, "काड्यांचा गठ्ठा तूच सोडतेस गं. मुलांचे हात रिकामेच आहेत."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आठ काड्या द्यायच्या तर गठ्ठा सोडावाच लागतो, हे मुलांच्या हातांना कळलं. आठवड्याभरात बहुतेकांचं उत्तर १४ येऊ लागलं.

आता सांगा, तंत्रज्ञान दोन्हीकडे तोच मोबाइल. एकीकडे तो एकटाच बोलत होता, दुसरीकडे त्याने तिघींना एकत्र बसवलं. पुरणपोळीचे शंभर व्हिडिओ बघा, पण कणीक सैल झाली हे सासूबाई किंवा जाऊबाई शेजारी उभ्या असल्या तरच कळतं. आपल्या स्वाध्यायातही वाचनेनंतर पृच्छना आहेच. नुसतं ऐकून भागत नाही, विचारावं लागतं.

जपानमध्ये शिक्षकांची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. चारपाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि मग चर्चा करून पाठ सुधारतात. पण आपल्याकडे कितीतरी शाळा दोनच शिक्षकांच्या. एकीने दुसरीचा वर्ग बघायला जायचं, तर आपली मुलं कुणावर सोडायची? मोबाइलचं खरं काम इथे आहे. जे प्रत्यक्ष जाऊन बघता येत नाही, ते दहा मिनिटांच्या चित्रणात बघता येतं. केंद्राची शिक्षण परिषद तर भरतेच. तिथे सूचना वाचून दाखवण्याऐवजी असा एखादा तास सगळ्यांनी मिळून बघावा.

यात एक भीती आहे, आणि ती खोटी नाही. चित्रण साहेबांकडे गेलं तर? चूक दिसली म्हणून नोटीस आली तर? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की असं चित्रण तपासणीसाठी कधीही वापरू नये. ते त्या दोघीतिघींतच राहावं आणि चर्चा झाली की पुसून टाकावं. मुलांचे चेहरे बाहेर जाता कामा नयेत. चूक दाखवायला विश्वास लागतो. घरात आपण चूक कुणाजवळ कबूल करतो? जी टोमणा मारणार नाही तिच्याजवळच ना?

"पण यात आम्ही बायकांनी काय करायचं?" असं तुम्ही म्हणाल. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तुमच्यापैकी कुणी किंवा कुणाची सून त्या समितीत असेल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "बाई, या वर्षी तुम्ही कुणाचा तास बघितलात? तुमचा कुणी बघितला?" प्रमाणपत्रं किती मिळाली, हे नका विचारू. आणि असं एकत्र बसायला बाईंना महिन्यातून दोन तास मोकळे मिळावेत, म्हणून त्यांच्या बाजूने बोला. त्या दोन तासांत आपण मुलांना गोष्टी सांगत बसू शकतोच की.

जाताना भाची म्हणाली, "मावशी, तो व्हिडिओ मी घरी जाऊन परत बघेन, आवाज लावून." मी म्हटलं, "बघ, पण एकटी नको बघूस."