पत्रिका आधी आत्याला वाचता यावी

गेल्या वैशाखातली गोष्ट. पुण्याजवळच्या एका मोठ्या मंगल कार्यालयात माझ्या भाच्याचं लग्न होतं. त्याच आवारात त्याच मुहूर्ताच्या आसपास दुसरंही एक लग्न होतं. ते तळमजल्यावर, आमचं वरच्या मजल्यावर. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या वाईहून एस.टी.ने एकटी आली. फाटकातून आत शिरल्यावर तिला दोन कमानी दिसल्या. एकीवर इंग्रजी वेलबुट्टीत गुंफलेली दोन अक्षरं, दुसरीवर तशीच दुसरी दोन, खाली हॅशटॅग. आडनाव नाही, गाव नाही, मराठीत एक शब्द नाही. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी. तिने अंदाजाने एक कमान धरली आणि आत जाऊन बसली. ओळखीचं कुणी दिसेना. फोन केला, तर त्या गोंगाटात कुणी उचलला नाही. आवरत असतील, येतील, म्हणून ती मुठीत अक्षता धरून तिथेच बसून राहिली. मंगलाष्टकांत मुलीचं नाव कानावर आलं तेव्हा तिला कळलं, हे आपलं लग्न नव्हे. जिना चढून ती वर आली तोवर हार घालून झाले होते. घामाने ओल्या झालेल्या त्या अक्षता तिने माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "पाया पडतील तेव्हा टाक माझ्या नावाने."

मी साताऱ्यात छापखाना चालवला. १९८४ साली कंपोझिटर म्हणून हातात अक्षरांचे खिळे जुळवायची स्टिक धरली, मग स्वतःचं ट्रेडल छापयंत्र घेतलं, पुढे संगणक आला, ऑफसेट आलं. लग्नसराईत दिवसाला चार-चार पत्रिका जुळवल्या. त्या ओल्या अक्षता हातात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की लग्नासाठी आपण काय छापतो आणि कुणासाठी छापतो, याचा हिशेब मांडायला हवा. येत्या फाल्गुनात माझ्याच लेकीचं लग्न आहे. त्यामुळे हा हिशेब आता घरचाच झाला आहे.

पत्रिका या शब्दात पत्र आहे. पत्राला दोन टोकं असतात, बोलावणारा आणि ज्याला बोलावलं तो. खिळ्यांच्या काळात हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नसे. पिवळं नाहीतर गुलाबी कार्ड, वर गणपतीचा ब्लॉक, कुलस्वामिनीचं नाव, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. हंगामात हा सगळा मजकूर आम्ही जुळवून बांधूनच ठेवत असू. नावं, तिथी आणि ठिकाण तेवढं बदलायचं. ओल्या शाईवर सोनेरी पूड भुरभुरून कापसाने पुसली की अक्षर झळाळायचं. गणपतीच्या मानाची पत्रिका निघाली की बाकीच्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागे आणि पाकिटाची पट्टी न चिकटवता त्या बुकपोस्टाने जात. खाली एक बोटभर जागा आम्ही मुद्दाम कोरी सोडायचो. घरचं माणूस तिथे शाईने लिहायचं, 'वहिनी, चार दिवस आधी यावे.' छापलेल्या चारशे पत्रिका त्या एका ओळीने चारशे वेगवेगळी पत्रं व्हायच्या.

लेकीच्या लग्नासाठी समारंभ आखून देणाऱ्यांनी आम्हाला यादी दिली. तारीख राखून ठेवा असं सांगणारं कार्ड, मुख्य पत्रिका, हळदीची वेगळी, मेंदीची वेगळी, स्वागताची कमान, हॅशटॅगचा फलक, फोटोसाठी हातात धरायच्या पाट्या, मेनूकार्ड, भेटवस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्या, आभाराचं कार्ड. एकूण दहा वस्तू. मी आणि लेक यादी घेऊन बसलो. प्रत्येक वस्तूपुढे तिने एकच प्रश्न लिहिला: हे वाचून कुणाला काय कळेल? दहापैकी आठ वस्तू त्या प्रश्नावर गळल्या. राहिली ती एक पत्रिका आणि कमानीऐवजी एक स्वागताची पाटी. यादीत नसलेल्या चार पाट्या मात्र आम्ही वाढवल्या, त्यांचं पुढे सांगतो.

आधी अक्षराविषयी, कारण माझा जीव त्यात आहे. 'लग्न' या शब्दाचं पहिलंच अक्षर आज बहुतेक पत्रिकांवर हिंदी वळणाचं असतं. मराठीचा ल आणि श वेगळे आहेत. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा ही मराठी वळणंच प्रमाण मानली. संगणकावरच्या अनेक अक्षरसाच्यांत ती असतातही, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं निवडून सांगितल्याखेरीज पुढे येत नाहीत. ते एक बटण कुणी दाबत नाही. त्याहून वाईट म्हणजे देवनागरीची जोडणी चालू न करता मजकूर बसवला, की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. ज्यांची नावं आयुष्यभर त्या कागदावर राहणार, त्यांच्याच नावाचा पाय मोडलेला मी कितीतरी पत्रिकांवर पाहिला आहे. इंग्रजीतलं एक अक्षर चुकलं तर तेच यजमान सगळा गठ्ठा परत पाठवतील.

दुसरं, दिसणं आणि वाचता येणं. मरून कागदावर सोनेरी फॉइल दुकानाच्या उजेडात सुंदर दिसते. घरातल्या ट्यूबलाइटखाली ती चमकते आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला ओळ लागत नाही. मोबाइलवर फोटो काढला तर अक्षरांऐवजी नुसता उजेड येतो. गणपती सोनेरी असू द्या, वेलबुट्टी असू द्या. नावं, दिवस, वेळ आणि ठिकाण फिक्या कागदावर गडद शाईतच हवं. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. माझ्या छापखान्यात एकदा शनिवारच्या तारखेला रविवार छापला गेला. पाचशे पत्रिका मी स्वखर्चाने पुन्हा छापल्या, पण त्याआधी सत्तर वाटून झाल्या होत्या आणि त्या घराला सत्तर दारं पुन्हा चढावी लागली. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रूफ कागदावर काढायचं आणि दोघांनी वाचायचं, त्यातला एक व्याह्यांकडचा. नकाशासाठी क्यूआर कोड जरूर द्या, पण दोन सेंटिमीटरहून लहान नको आणि शेजारी साध्या शब्दांत रस्ता हवाच. गोरज मुहूर्त लिहिलात तर घड्याळाची वेळही लिहा.

आता पत्राचं दुसरं टोक, बोलावणारा. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. माझ्या विधवा बहिणीने दोन मुलं एकटीने वाढवली. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली. निमंत्रक म्हणून दिराचं नाव वर आलं, वडिलांचं नाव 'कै.' लावून आलं, आणि आईचं नाव कुठेच आलं नाही. घरच्यांनी तसा मजकूर दिला आणि मी तो तसाच छापला. ती काही बोलली नाही. पत्रिका हातात घेऊन तिने दोनदा उलटीपालटी करून पाहिली, एवढं मला आठवतं. अशा किती पत्रिका मी छापल्या असतील, ते मोजायची हिंमत होत नाही.

परंपरा आहे, असं उत्तर मिळतं. पण पत्रिकेची भाषा कधीच एका जागी थांबलेली नाही. जुन्या पत्रिकांत 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असा मजकूर असे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. तो शब्द गेला, 'शुभविवाह' आला, आणि कुठल्याही देवाचा कोप झाला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांना तसं करायला सांगितलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदांवर, आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. शाळेच्या दाखल्यावर आई पुढे आली असेल, तर लेकराच्या लग्नाला बोलावतानाही ती पुढेच हवी. आमच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव लेकीच्या आईचं आहे. व्याह्यांना विचारलं, तेही आनंदाने तयार झाले. धाकट्या भाच्याचं लग्न ठरेल तेव्हा त्या पत्रिकेवर पहिली ओळ माझ्या बहिणीच्या नावाची जुळवीन, आणि त्या कामाचे पैसे घेणार नाही.

पाट्या हा याच पत्राचा शेवटचा परिच्छेद आहे. पाहुणा दारात आला, तरी आपण योग्य जागी आलो हे त्याला कळेपर्यंत आमंत्रण पुरं झालेलं नसतं. म्हणून स्वागताच्या पाटीवर दोन्ही घरांची आडनावं, वधूवरांची पूर्ण नावं आणि मजला, हे सगळं मराठीत. वाढवलेल्या चार पाट्या अशा: वाहनतळ, भोजन, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह. प्रत्येकीवर बाण. आमच्या गावातले जुने पेंटर एक हिशेब सांगत: पाटी जितक्या फुटांवरून वाचायची, त्याच्या दहाव्या भागाइतके इंच अक्षर उंच हवं. तीस फुटांवरून वाचायची तर तीन इंच. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून हे तीन इंच नुसत्या अक्षराचे धरायचे, मात्रांची जागा वेगळी.

या पाट्या कशावर करायच्या, यावरही बोलायला हवं. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत तीन वस्तू थेट लग्नाच्या आहेत. निमंत्रणपत्रिकेला गुंडाळायची पातळ फिल्म, शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक आणि सजावटीचं थर्माकोल. म्हणजे पत्रिकेवरचं वेष्टन, दारातला पातळ फ्लेक्स आणि स्टेजमागची थर्माकोलची नावं. तिन्ही अजून राजरोस चालतात. जाड फ्लेक्स कायद्यात बसत असेल, पण दुसऱ्या दिवशी तो उकिरड्यावर किंवा गोठ्याच्या छपरावरच जातो. आम्ही मांजरपाट घेतलं आणि साताऱ्यातल्या एका पेंटरला ब्रशने लिहायला सांगितलं. साठी ओलांडलेला हा माणूस मधल्या वर्षांत फ्लेक्समुळे ब्रश ठेवून रंगकामाच्या मजुरीवर जात होता. पहिला 'ल' काढताना त्याचा हात जरा थांबला, मग शिरोरेघ एका दमात ओढली. चार पाट्यांवर तारीख नाही. त्या धुऊन, घडी घालून पुढच्या घरी जातील.

मंगल कार्यालयांच्या चालकांकडे माझं मागणं आहे. भोजन, पाणी, जिना, लिफ्ट, स्वच्छतागृह यांच्या पाट्या दर लग्नाला नव्या कशाला? भिंतीवर कायमच्या, मोठ्या मराठी अक्षरांत रंगवून घ्या. एकाच दिवशी दोन लग्नं घेता, तर फाटकात दोन काळे फळे लावा आणि रोज सकाळी खडूने दोन्ही घरांची आडनावं आणि मजला लिहा. एका खडूत काम होईल. लग्नघरांना सांगणं एवढंच, की वस्तू कमी छापा, शब्द नीट छापा, आणि प्रत्येक पत्रिकेवर एक ओळ हाताने लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका लांबच्यांना जरूर पाठवा, पण तिच्याखालीही त्या माणसाचं नाव घेऊन दोन शब्द लिहा. मुलं आयुष्यातला मोठा दिवस सजवू पाहतात, त्यांची हौस मला कळते. रंग त्यांनीच निवडावेत. आमचा फिका केशरी लेकीनेच निवडला आणि तो माझ्या पिवळ्यापेक्षा सरस आहे.

मागच्या रविवारी पत्रिकेचं प्रूफ घेऊन मी वाईला गेलो. आत्याने ते खिडकीशी नेलं आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचलं. कुलस्वामिनी, नावं, मिती, वार, वेळ. कुठे अडली नाही. शेवटी 'वाईकडून येणाऱ्यांनी वाढे फाट्यावर उतरावे' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हायवेच्या कुठल्या अंगाला? अलीकडे की पलीकडे?"

मला सांगता आलं नाही. परतताना मी एस.टी.नेच आलो, फाट्यावर उतरलो आणि आमच्या लग्नाच्या कार्यालयापर्यंत चालत गेलो. रस्ता ओलांडावा लागतो. रात्री संगणक उघडून त्या ओळीत भर घातली: 'फाट्यावर आमचा माणूस उभा असेल.' दुसऱ्या दिवशी पत्रिका छपाईला गेली.