गाणं गाजलं, पण मोजलं कोणी?

फेब्रुवारी २०२४मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि त्या वर्षीच्या लग्नसराईत डीजेवाल्याची त्यातून सुटका झाली नाही. सिनेमा नाही, मोठा हिरो नाही. गाणारा जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला पोरगा, संगीत जी-स्पार्कचं. तरी यूट्यूबवर आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर ते ट्रेंडिंगमध्ये गेलं, कोट्यवधी वेळा वाजलं आणि मराठी न कळणाऱ्यांनीही त्यावर रील केले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘शेकी’नंही धुमाकूळ घातला, तेव्हा हा निव्वळ तुक्का नव्हता हे कळलं.

त्याच फेब्रुवारीत, २० तारखेला, अमीन सयानी गेले. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली त्यांची ‘बिनाका गीतमाला’ म्हणजे आपल्याकडचा पहिला मोठा चार्ट. आजी-आजोबांना विचारा, बुधवारची रात्र त्यांना आठवत असेल. रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांकडून आलेली माहिती आणि श्रोता संघांची पसंती यांवर क्रमांक ठरायचे. पण स्पर्धेत असायची ती हिंदी सिनेमाची गाणी. गावच्या शाहिराचं पद पंचक्रोशीत कितीही गाजलं, तरी त्या पायऱ्यांवर त्याला जागाच नव्हती. म्हणजे ते गाणं लहान होतं असं नाही. त्याच्यापर्यंत मोजपट्टी पोचत नव्हती, एवढंच.

मोजपट्टी बदलली की काय होतं, हे अमेरिकेत कंट्री म्युझिकनं दाखवलं. कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं: शेत, ट्रक, दारू, देव, तुटलेलं प्रेम. शहरी लोक त्याला नाकं मुरडायचे. अल्बमचा खप मोजायची तिथली जुनी रीत म्हणजे दुकानदाराला विचारायचं, काय खपतंय? तो सांगेल ते खरं. मे १९९१मध्ये बिलबोर्डनं अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅनचे आकडे घेतले. आता काउंटरवर बारकोड वाजला की विक्री नोंदली जाऊ लागली. त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा ‘रोपिन द विंड’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. असा उतरलेला तो पहिला कंट्री अल्बम. ऐकणारे काही चार महिन्यांत जन्मले नव्हते, ते आधीपासूनच होते. फक्त दुकानदाराच्या तोंडून त्यांचा आकडा पूर्ण बाहेर येत नव्हता.

पण यंत्र आलं म्हणजे न्याय आला, असंही नाही. २०१९मध्ये लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. कारण दिलं की त्यात कंट्रीचे पुरेसे घटक नाहीत. गायक काळा, बीट ३० डॉलरला ऑनलाइन घेतलेला. तेव्हा खरं कारण कोणतं, यावर तिकडे बरंच रान उठलं. तेच गाणं सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. आकडा यंत्र देतं, खाना मात्र माणूसच ठरवतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. लाखांदूरहून जवळ असलेल्या वडशातून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात आणि उजाडेपर्यंत मंडप भरलेला असतो. गाण्याला वन्स मोअर येतो, बक्षिसाच्या नोटा येतात. २०२३ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या अनेकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. एका हंगामात हजारो लोकांनी तिकीट काढून ऐकलेलं गाणं स्पॉटिफायच्या हिशेबात शून्य असतं. तिथं स्ट्रीम मोजतात, मंडप नाही.

मग झाडीबोलीतलं गाणं चार्टवर जाईल का? बोलीची अडचण आहे असं मला तरी वाटत नाही. अहिराणीतल्या ‘बबल्या इकस केसावर फुगे’वर अख्खा महाराष्ट्र नाचला, निम्म्यांना शब्द कळत नव्हते तरी. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे लांबी. रीलवर आधी तुकडा गाजतो, मग लोक पूर्ण गाणं शोधतात आणि ते शोधणं आकड्यात उतरतं. खडी गंमतीतला सवाल-जवाब रंगायलाच वेळ लागतो. तो पंधरा सेकंदांत कापला तर उरतं काय? उगाच कापूही नये. सगळंच चार्टसाठी असायला पाहिजे, असं कोणी सांगितलं?

दुसरी अडचण नावाची, आणि ती जास्त गंभीर आहे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही काढता येत नाही. आयपीआरएस ही संस्था तो वाटा गोळा करून सभासदांना देते. पण त्यासाठी गाणं कोणाचं, याची नोंद हवी. आपल्याकडे रंगमंचावरचं गाणं कोणीतरी मोबाइलवर टिपतं, भलत्याच चॅनेलवर चढवतं आणि व्ह्यूज त्या चॅनेलचे होतात. दंडारीतल्या जुन्या पदांचं तर आणखी अवघड. ती कोणा एकाची नाहीतच. उद्या एखाद्या कंपनीनं त्यांचं चकाचक रेकॉर्डिंग करून हक्क सांगितला, तर पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या गावानं कोणता कागद दाखवायचा?

मंडईत फोन उंच धरून शूट करणारे बहुतेक आपल्याच वयाचे असतात. व्हिडिओखाली ‘झाडीपट्टी सुपरहिट डान्स’ एवढंच लिहिलेलं असतं. शाहिराचं नाव, मंडळाचं नाव, गाव, साल टाकायला एक मिनिट लागतं. ते नसलं की ज्याला गाणं आवडलं त्याला गाणारा सापडत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या मंडईचं आमंत्रण द्यायचं तर फोन कोणाला करायचा, हेही कळत नाही.