विमान घ्यावे की भाड्याने आणावे? टिप्परचा हिशोबही तोच

विमानाचा आणि आपल्या दुकानाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत स्वतःचे विमान बाळगण्याची ऐपत असणारे बोटांवर मोजण्याइतकेच. पण मोठ्या वस्तूचा हिशोब एकदा डोक्यात बसला की लहान वस्तूचा चुकत नाही. आणि आपल्या बांधवांना झोपू देत नाही तो हप्त्यावर घेतलेला टिप्पर, जेसीबी किंवा पिकअप.

चार आसनांचे, एका इंजिनाचे सेसना 172 घ्या. 1950 च्या दशकापासून बनत आलेले हे विमान जगात सर्वाधिक संख्येने बनले. ताशी सुमारे 200 किलोमीटर जाते आणि तासाला 30-35 लिटर इंधन पिते. हे पंपावरचे पेट्रोल नव्हे. विमानाचे खास पेट्रोल लागते आणि ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. सुमारे 2000 तासांनी इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. शिवाय विमान उडो वा न उडो, विमा, शेडचे भाडे, वैमानिकाचा पगार, परवानाधारक इंजिनिअरची तपासणी आणि दरवर्षीचे कागद चुकत नाहीत. खासगी वापराच्या विमानावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के झाला, तो वेगळाच.

आता गणित करू. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, न उडताही वर्षाला 20 लाख खर्च येतो. उडाल्यावर तासाला 15 हजार लागतात. तेच विमान भाड्याने 40 हजार रुपये तासाने मिळते. म्हणजे स्वतःच्या विमानात तासामागे 25 हजार वाचतात. 20 लाख भरून निघायला वर्षाला 80 तास उडावे लागेल. चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवरून नागपूरला जाऊन येण्यास दीड तास धरला, तर वर्षाला 53 फेऱ्या झाल्या. आठवड्याला एक, खाडा न करता. यात विमानाची किंमत धरलेलीच नाही! तेवढे काम ज्याच्या हातात आहे त्याने खुशाल घ्यावे. बाकीच्यांनी भाड्याने आणावे.

भाड्यातही खाचखळगे आहेत. तुम्हाला सोडून विमान रिकामे परतले तरी परतीचे पैसे तुमच्याच बिलात येतात. थांबवून ठेवले तर त्याचेही लागतात. आणि भाडे घेण्याचा परवाना असलेल्याकडूनच विमान घ्यावे. खासगी विमानाने भाडे मारणे म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीने प्रवासी वाहण्यासारखे आहे. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

शहाणे लोक यंत्र घेत नाहीत, यंत्राचे तास घेतात. व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाला परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागते. तो फ्लाइंग क्लबला तासांचे पैसे देतो, विमान विकत घेत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर कर्मचारी पोहोचवायला हवाई दल आणि सेनेची हेलिकॉप्टरे आली. काम झाले, परत गेली. चार दिवसांच्या कामासाठी निवडणूक खात्याने हेलिकॉप्टर खरेदी केले नाही. अमेरिकेत तर चार-पाच जण मिळून एक विमान ठेवतात आणि खर्च वाटून घेतात.

हाच हिशोब टिप्परला लावा. सुरजागडचे खनिज वाहायला गाडी घ्यावी, असे अनेकांच्या मनात येते. पण काम आपल्या हातात नसते, हप्ता मात्र आपल्या डोक्यावर असतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. गाडी उभी राहते, पण हप्ता चालूच असतो. 23 डिसेंबर 2016 रोजी सुरजागडच्या पहाडावर माओवाद्यांनी 60 हून अधिक वाहने जाळली. अशा वेळी विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत फायनान्सवाला थांबत नाही. मालकीचा अर्थ नफा एवढाच नाही. जळाले तर मालकाचे जळते.

आपल्या शरीअतमधील इजाऱ्याचा व्यवहार याच तत्त्वावर उभा आहे. वस्तू मालकाची, तर तिच्या नाशाची जोखीमही मालकाची. भाडेकरू वापराचे पैसे देतो आणि स्वतःच्या हयगयीपुरता जबाबदार राहतो. सूद टाळू पाहणाऱ्या बांधवांना भाडे हा कमीपणा वाटण्याचे कारण नाही. दारात स्वतःची गाडी उभी असली की इज्जत वाढते, हा समज सोडावा. ती गाडी ओढून नेली की तीच इज्जत मोहल्ल्यासमोर जाते.

याचा अर्थ काहीच विकत घेऊ नये असा नाही. शिंप्याची शिलाई मशीन, सुताराचा रंधा, वेल्डरचा सेट रोज चालतो. तो स्वतःचाच हवा, आणि शक्यतो रोखीने घेतलेला. जे यंत्र महिन्यातून चार दिवस चालते ते भाड्याने आणावे किंवा दोघा-तिघांनी लेखी करार करून भागीत घ्यावे.

ठरवण्यापूर्वी एक वर्ष भाड्याने काम करून पाहा. किती तास चालले, किती दिवस उभे राहिले, किती भाडे दिले, किती हातात उरले, हे वहीत लिहा. वही घ्या म्हणाली तर घ्या. शोरूमवाल्याचे आणि शेजाऱ्याचे ऐकून घेऊ नका.