डोळ्याचे नवे दिव्य

डोळा खोटे बोलत नाही, असे म्हणणारांच्या हाती आता एक यंत्र आले आहे. आरोपीच्या डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकावयाचा, बुबुळावरची चमक आणि बाहुलीची जागा कॅमेऱ्याने सेकंदास शेकडो वेळा टिपावयाची, आणि पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यामागे ती नजर सरळ जाते की अडखळते, यावरून त्याचे चित्त ठिकाणावर आहे की नाही हे ठरवावयाचे! न्यायालयांनी हा मार्ग धरावा, या मतास आमचा स्पष्ट विरोध आहे.

मूळ निरीक्षण खोटे नव्हे. डीफेनडॉर्फ आणि डॉज या अमेरिकन संशोधकांनी मनोरुग्णांची अडखळती नजर १९०८ मध्येच नोंदली होती; १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी तो विषय पुन्हा पुढे आणला. परंतु त्याच होल्झमन यांना रुग्णांच्या निकटच्या नातलगांतही हा दोष आढळला, हे यंत्राचे भक्त सांगत नाहीत. मद्याने, झोपेच्या गोळ्यांनी, थकव्याने, कंपवातानेही नजर अडखळते. कोठडीत रात्र जागून काढलेल्या माणसाचा आलेख कसा निघेल?

शिवाय कायदा विचारतो ते निराळेच. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीचे दंड संहितेचे कलम ८४, कृत्य करतेवेळीची मनःस्थिती विचारते. यंत्रापुढे असतो तो आजचा डोळा, मधल्या काळात औषधोपचार झालेला. त्या वेळचे सांगणार ते शेजारी, घरची माणसे, जुनी औषधपत्रे आणि रुग्णाशी दिवसच्या दिवस बोलत बसणारा वैद्य. आलेख सरळ निघाला म्हणून खरोखरीचा भ्रमिष्ट ढोंगी ठरला आणि फासापर्यंत गेला, तर त्याचे उत्तर कोण देणार?

आमच्या देवस्थानांत कौल लावतात, पण कौल मागणारा आपल्या पायांनी देवापुढे येतो; त्यास बेड्या घालून कोणी आणीत नाही. (पाकळ्यांस हसणारे सुशिक्षित आलेखापुढे मात्र हात जोडतात, ही मौज निराळीच.) तापल्या तेलात हात घालण्याचे दिव्य आमच्या जुन्या न्यायसभांनी केले; हातावरचा फोड हा अपराधाचा पुरावा नव्हे, हे उमगावयास फार काळ लागला.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी या तिन्हींस संमतीवाचून मनाई केली. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा मानू नये, असेही ठरविले. नेत्रयंत्राचे नाव त्या निकालात नाही, ही पळवाट कोणी शोधू नये. रुग्णालयात ते यंत्र खुशाल चालवा. मात्र कोणी तज्ज्ञ आलेख घेऊन न्यायालयात आलाच, तर त्या दिवशी आरोपीने कोणती गोळी घेतली होती आणि तो किती तास झोपला होता, हे बचावाच्या वकिलाने त्यास आधी विचारावे.