कुणाचे मरण मोजले जाते?



कोरोनाच्या काळात आपण रोज आकडे ऐकत होतो. कोणत्या देशात किती माणसे गेली, कोणत्या राज्यात किती, आपल्या जिल्ह्यात किती. साथ ओसरून आता काही वर्षे झाली, तरी त्या आकड्यांची चर्चा थांबलेली नाही. त्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो. श्रीमंत, विकसित देशांत माणसे जास्त मेली आणि गरीब देशांत कमी, हे कसे? यावरून काहींनी असाही निष्कर्ष काढून टाकला, की गरिबाच्या अंगात मुळातच ताकद असते, राबणाऱ्याला रोग शिवत नाही. ऐकायला हे गोड वाटते. पण आपल्यासारख्या भागातील कष्टकरी बायांसाठी ते घातक आहे. ताकद अंगातच असेल, तर दवाखाना कशाला मागायचा?

आधी आकडे पाहू. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी. तिथे कोरोनाने ११ लाखांहून अधिक माणसे दगावली, म्हणजे लाखामागे ३३० च्या वर. भारताची सरकारी नोंद सुमारे ५ लाख ३३ हजार, म्हणजे लाखामागे ३८ च्या आसपास. वीस कोटींहून मोठ्या नायजेरियात तर नोंदलेले मृत्यू सव्वातीन हजारांच्या आत. साथ येण्यापूर्वी, २०१९ मध्ये, साथीला तोंड देण्याच्या तयारीची जागतिक क्रमवारी लागली होती. तिच्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरा होता. प्रत्यक्षात दोन्ही देशांत प्रेतांची रीघ लागली.

यातला काही भाग वयाचा आहे, हे मान्य करायला हवे. हा आजार म्हाताऱ्यांना जास्त मारत होता, आणि श्रीमंत देशांत म्हातारी माणसे जास्त आहेत. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. जपान हा जगातील सर्वांत वयस्क देशांपैकी एक, तरी तिथला मृत्युदर अमेरिकेच्या मानाने फार कमी राहिला. उलट पेरू हा काही म्हाताऱ्यांचा देश नव्हे. वाढत्या उत्पन्नाबद्दल त्याचे कौतुकही झाले होते. तिथे लाखामागे सहाशेहून अधिक माणसे गेली. बहुसंख्य लोक हातावर पोट असलेले, जवळपास निम्म्या घरांत फ्रिज नाही, म्हणून रोज बाजारात जाणे भाग. मदतीच्या पैशासाठी बँकांपुढे रांगा, आणि दवाखान्यात ऑक्सिजन नाही. देशाचे उत्पन्न वाढले होते, पण ते ऑक्सिजनच्या नळीपर्यंत पोचलेच नव्हते. आपल्याला हे नवे नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून नेले गेले, ते आपल्याच जिल्ह्यात.

आता आपल्या देशात येऊ. सरकारी नोंदीनुसार केरळात लाखामागे सुमारे दोनशे मृत्यू, महाराष्ट्रात एकशेवीसच्या आत, बिहारमध्ये अवघे दहा. म्हणजे कागदावर बिहार हे केरळपेक्षा वीसपट सुरक्षित! पण २०२० च्या नमुना नोंदणीत हजार जन्मांमागे केरळात ६ बाळे दगावली, महाराष्ट्रात १६ आणि बिहारमध्ये २७. जे राज्य बाळंतिणीला आणि बाळाला वाचवू शकत नाही, ते महामारीत सर्वांना कसे वाचवेल? केरळात म्हातारी माणसे जास्त आहेत, हे एक कारण. दुसरे कारण असे, की केरळात मेलेला माणूस कागदावर येतो.

जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने दट्ट्या दिल्यावर बिहारने फेरतपासणी केली, आणि मृतांचा आकडा एका दिवसात साडेपाच हजारांच्या आतून ९,४२९ वर गेला. पेरूचेही तसेच. २०२१ च्या मे महिन्याअखेर तिथल्या सरकारने जुने दाखले तपासले आणि सुमारे ६९ हजारांचा आकडा १ लाख ८० हजारांच्या वर नेला. पेरूने निदान मोजले, म्हणून तो यादीत सर्वांत वर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अंदाज दिला, की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. आपल्या सरकारने तो अमान्य केला. पण सरकारच्याच नागरी नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात वाढलेल्या या २१ लाखांना कुणी मारले, याचे उत्तर रोजच्या आकड्यांत नव्हते.

ते उत्तर काही प्रमाणात मिळाले ते मागे राहिलेल्यांच्या अर्जांतून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळू लागले. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातची सरकारी नोंद सुमारे दहा हजार मृत्यूंची होती आणि अर्ज आले होते ८९ हजारांहून अधिक. महाराष्ट्रातही नोंद १ लाख ४१ हजारांची, तर अर्ज दोन लाखांच्या वर. नवरा गेलेल्या किती जणी हातात कागदांची पिशवी घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढल्या! देशाने जे मोजले नाही, ते अशा अर्जांनी मोजले.

पण बाईच्या मरणाचे काय? २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ६० टक्के पुरुषांचे आणि ४० टक्के स्त्रियांचे होते. पुरुष काहीसे अधिक मरतात हे खरे, पण एवढ्या अंतराला ते पुरेसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद पुरुषांपेक्षा कमी होते असेच आढळले. कारण उघड आहे. सातबारावर तिचे नाव नाही, विमा नाही, बँकेत पैसा नाही. तिच्या दाखल्यावाचून कुणाचेच काही अडत नाही. १९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा घरातील मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर, तो नसेल तर जवळच्या नातेवाइकावर आणि तोही नसेल तर घरातील सर्वांत वयस्क पुरुषावर टाकली होती. बाई मेली हे सांगायलाही पुरुष हवा!

त्यातून ती ऊसतोड करणारी असेल तर विचारूच नका. पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांतून दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत असे एक लाखाहून अधिक मजूर कारखान्यांवर अडकले होते. फडावर, पालात बाई तापाने गेली, तर नोंद कुठे व्हायची? कारखान्याच्या गावी, की आपल्या गावी? बहुतेक वेळा कुठेच नाही. मरण नोंदले गेलेच, तरी कारण डॉक्टरने लिहिलेले नसते. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना कारणाचा वैद्यकीय दाखला होता.

हे आजचेच नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या. त्याच वर्षी मुंबई शहरात हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३ होते, तर तेव्हाच्या नोंदीत ‘खालच्या जातीचे’ म्हटलेल्यांत ६१.६. शहर एक, साथ एक, मरण मात्र जातीप्रमाणे. शहराची सरासरी तेवढी काढली असती, तर हे कधीच कळले नसते. देशाच्या विकासाच्या आकड्याचेही असेच आहे. सरासरी काढली, की पालातली बाई त्यात बुडून जाते.

मग मरण रोखते कोण? १७७ देशांचा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. तयारीच्या क्रमवारीचा संसर्गाशी फारसा संबंध त्यात दिसला नाही. जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास जास्त, तिथे संसर्ग कमी होता. आपल्या गावात हा विश्वास कुणी जपला? आशाताईने. ती दारोदार फिरली, शिव्या खाल्ल्या, ताप मोजला, नोंदी लिहिल्या. त्या कामाचा तिला केंद्राकडून महिना एक हजार रुपये जादा भत्ता! जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना त्यासाठी संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण गौरवपत्राने चूल पेटत नाही.

मोजदाद ही मागावी लागते, हे आपल्या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविरुद्ध बायांनी आवाज उठवला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. मोजले नसते, तर आजही ती अफवाच ठरली असती.

म्हणून प्रत्येक गावातील गटाने एक साधी वही घालावी. गावात किंवा फडावर गेलेल्या प्रत्येक बाईचे नाव, वय, कारण आणि ठिकाण तिच्यात लिहावे. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद झाली का, ते विचारावे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार दवाखान्यात मृत्यू झाला, तर कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्यावी. गावाच्या नोंदवहीशी आपली वही दर तीन महिन्यांनी ताडून पाहावी आणि जी नावे सापडणार नाहीत, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. कारखान्याच्या हद्दीतील मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी मुकादमावर आणि कारखान्यावर टाका, अशी मागणी आपण एकत्र लावून धरू.

पुढची साथ केव्हा येईल, सांगता येत नाही. ती येईल तेव्हा देशांच्या याद्या पुन्हा लागतील. त्या यादीत आपला देश वर की खाली, यापेक्षा आपली पारू, आपली गया त्या यादीत आहे की नाही, हे आपण विचारायचे. जिचे मरण मोजले जात नाही, तिच्या जगण्यासाठी कुणी तरतूद करत नाही.

— संपादक मंडळाच्या वतीने, पाटोदा, जि. बीड