आधी करंट बघा, मग पेट्रोलला बोल लावा

मे महिन्याच्या दुपारी दापोडीच्या हॅरिस पुलापासून फुगेवाडीपर्यंतच्या कोंडीत एखादी पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती ८०० बंद पडली, की हल्ली कारण शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. 'इथेनॉलने वाट लावली' हा निकाल तयारच असतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा जुन्या गाड्यांना त्रास होतो, हे खरेच आहे. पण न तपासता केलेली तक्रार खोडून काढायला सोपी असते, आणि या गाड्यांच्या मालकांची तक्रार नेमकी तिथेच लुळी पडते.

तापलेली गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने चालू होते, या एकाच लक्षणामागे दोन वेगळे रोग असू शकतात. इंजिनला चिकटून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, हा एक. गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो, हा दुसरा. गाडी थंड झाल्यावर दोन्ही गुन्हेगार साळसूद, म्हणून तपासणी ती तापलेली असतानाच हवी. जादा प्लग वायरला जोडून इंजिनच्या धातूवर टेकवा आणि स्टार्टर मारा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी आली तर कार्बोरेटरला हात लावू नका, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बघा. ठिणगी चांगली असेल तर एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची चिळकांडी उडाली नाही, तर पेट्रोलवरचा संशय रास्त. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या फटक्यात कार्बोरेटर खोलला जातो, जेट फुंकले जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

मग इथेनॉल निर्दोष का? मुळीच नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. नव्या गाडीतला सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचे भोक आहे तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, गाडी ओढताना अडखळते, प्लग पांढरा पडतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा खराब करते. नळ्या-पडदे बदलता येतात, जेट थोडा मोठा बसवता येतो. पण त्या खर्चाचा भार मालकाने एकट्याने का सोसावा?

या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल वेगळे मिळावे म्हटले, की मूठभर हौशी लोकांसाठी वेगळे पेट्रोल कशाला, असे विचारले जाईल. पण १५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर घेऊन सरकारच या गाड्यांची नोंदणी वाढवून देते. पंपांवर महागडे, जादा ऑक्टेनचे पेट्रोल वेगळे विकले जातेच, म्हणजे वेगळी टाकी ही अशक्य गोष्ट नव्हे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. मागणी त्याहून माफक ठेवावी: १० टक्क्यांचे पेट्रोल, तेही प्रत्येक शहरात निवडक पंपांवर. जुन्या वाहनांसाठी ते मिळत राहावे, ही शिफारस नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे.