बागवानी : चेरीची झोंप

हिंगोलीहून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, रोपवाटिकेंत चेरीचीं कलमें मिळतात व घरच्या विहिरीस पाणीही मुबलक आहे, तर परसांत दोन लावावीं काय? काश्मीरांत जिला गिलास म्हणतात ती गोड चेरी त्यांच्या मनांत असेल, तर लावूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उन्हाळा कडक म्हणून हें झाड आपल्याकडे फळत नाहीं, अशी समजूत आहे. उन्हाळा छळतोच, परंतु मुख्य अडचण हिवाळ्याची. चेरीच्या पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यांतच धरतात आणि पानगळीनंतर गाढ झोंपीं जातात. त्यांची झोंप पुरी करते ती थंडी. शून्य ते ७ अंश सेल्सिअस या उष्णतामानाचे तास मोजण्याची रीत आहे. गोड चेरीच्या बहुतेक जातींना असे सुमारें ७०० ते १००० तास लागतात. शोपियानच्या हिवाळ्यांत हा हिशेब सहज पुरा होतो. हिंगोली-कळमनुरीकडे थंडीच्या लाटेंत पहाटे पांच तास पारा इतका उतरला आणि अशा रात्री पंधरा धरल्या, तरी बेरीज अवघी ७५! शिवाय दुपारीं ऊन २८-३० अंशांवर जातें. १९७४ सालीं अमेरिकेंतील युटा येथें पीचसाठीं जी मोजणी बसविली गेली, तींत १६ अंशांवरील ऊब जमेंतून वजाच करतात. रात्रीं जमवावें आणि दुपारीं उधळावें, असा हा संसार आहे.

झाड लगेच मरत नाहीं, हीच फसगत. एक फांदी पालवते, दुसरी उघडीच राहते. फुलें तुरळक व अधुरीं येतात. आणि मालक शेणखत घालीत पांच-सहा वर्षें वाट पाहतो. कॅलिफोर्नियांतील ‘रॉयल ली’ व ‘मिनी रॉयल’ या जाती कमी थंडीवर फळतात खऱ्या. पण त्यांनाही दोनशेंहून अधिक तास हवेत, व परागासाठीं दोन्ही जवळजवळ लावाव्या लागतात. नाशिककडे द्राक्षांचे डोळे फुटावे म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. तें थोडी तूट भरून काढतें, मुळांतच नसलेली थंडी आणीत नाहीं. आणि तें विषारी द्रव्य मुलांबाळांच्या परसांत नकोच.

विकणारास मात्र एक गोष्ट अवश्य विचारावी : ही चेरी कोणती? ‘सिंगापूर चेरी’ वा ‘बार्बाडोस चेरी’ असेल तर खुशाल घ्यावी. दोन्हींचें गिलासशीं नातें केवळ नांवाचें. थंडीची गरज दोघींनाही नाहीं. आणि केकवर मिरवणारी लाल चेरी पुष्कळदा पाकांत मुरवून रंगविलेलें करवंद असतें, हेंही येथें सांगून ठेवतों. करवंदाची जाळी कुंपणाला लावावी. कांट्यांमुळें गुरें आंत येत नाहींत, आणि हिरव्या करवंदांचें लोणचें उत्तम होतें.